कोळशानं काढलेली छबू

माझं माहेर मिरजगावच्या पल्याड, सासर बी तिकडंच, दोन्हीकडं पान्याची बोंब, म्हंजी लगीन झालं की दिवाळी करून कोयता घ्यायचा नि टोळीसंगं श्रीगोंद्याच्या बाजूला ऊस तोडाया जायचं, हे ठरल्यालंच. शाळा चौथीपतूर. पन काय सांगू तुमाला ताई, मला चितारायचा लई नाद. चुलीतला कोळसा घ्यायचा नि भिंतीवर बैल काढायचा. सासू वरडायची, घराला काजळी लावती व्हय, मी आपली ऐकून घ्यायची नि बैलाला शिंगं काढायची.

माझी धाकली जाऊ छबू. ऊसाच्या फडावर आमी एकाच कोपीत, पाचटाच्या झोपडीत ऱ्हायचो. तिथंच तिला ताप भरला, मोळ्या बांधता बांधता खाली बसली ती उठलीच न्हाई. लेकरू सहा म्हैन्याचं, मंदा. ती मी वाढवली, माझ्या पोरांत एक पोर. तवा मोबाईल कुठं हुते, छबूचा एक फोटू न्हाई, लग्नातला बी न्हाई.

गेल्या साली मंदाचं लगीन ठरलं. मला म्हनती, मोठे आई, माझी आई दिसाया कशी हुती गं? मी सांगाया गेले, कपाळ रुंद, एक दात पुढं, हनुवटीवर गोंदन. पोरगी ऐकत हुती पन तिच्या डोळ्यापुढं काय येईना. म्हनलं, हे सांगून व्हायचं न्हाई, हे काढलंच पायजे.

आता चुलीतला कोळसा टनक, भिंत खरवडतो, त्यानं बैल जमतो, बाईचं तोंड न्हाई जमत. मी शाळंत खिचडी शिजवते, तिथल्या बाईंकडं मऊ काळ्या कांड्या बघितल्या हुत्या. विचारलं, हे काय असतं? म्हनल्या, जळक्या काडीचा कोळसाच, पन दुकानातनं आनावा लागतो. मनात म्हनलं, काडी जाळायला दुकान कशाला?

द्राक्षाच्या बागंतनं छाटनीच्या काड्या आनल्या, सोलल्या, वाळवल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरल्या, झाकनाला खिळ्यानं एक भोक पाडलं नि डबा जाळात. भोकातला धूर थांबला की डबा भाईर. पैल्यांदा मला दम निघंना, गरम हाय तवाच झाकन उघडलं, वारा लागला नि सगळ्याची राख. दुसऱ्या टायमाला कच्च्या ऱ्हायल्या. तिसऱ्या टायमाला डबा पार गार होऊ दिला. उघडला तर काड्या जशाच्या तशा, पन काळ्या, हलक्या, टिचकी मारली की काचंवानी वाजत्यात. भिंतीला टेकवली तर लोन्यावानी फिरली. बोटानं चोळलं की गालाची सावली येती. दोन दिसांत छबू काढली, दातासकट.

दीर आला, म्हंजी मंदाचा बाप. बघितलं नि पांढरा पडला. म्हनतो, वैनी, मेलेल्या मानसाचं तोंड लग्नाच्या घरात? पाव्हनं काय म्हनत्याल? मी शाळंत गेले तवर चुना मारून मोकळा.

परत डबा भरला. चुना वाळला हुता, त्याच्यावर आधीपरीस झ्याक उठलं, नि ह्या खेपंला मोठं काढलं, दारासमोर. त्यानं परत बादली घेतली. मी आडवी झाले. म्हनलं, मार चुना, तुझा चुना सरंल, माझ्या काड्या न्हाई सरायच्या. ह्या घरासाठी तिनं मोळ्या वाह्यल्या, तिला ह्या घराची एक भिंत मिळायची न्हाई व्हय?

त्याच्या हातात बादली तशीच. मग खाली बसला नि हळूच म्हनला, वैनी, ती कशी दिसायची हे मी इसरलो हुतो.

हळदीच्या दिवशी मंदाची सासू आली, म्हनली ही कोन? मी म्हनलं, नवरीची आई. त्या बाईनं ताटातलं हळदकुंकू उचललं नि छबूच्या कपाळाला लावलं.

आता मंदा नागापूरला, जावई तिथल्या एमायडीसीत कंपनीत हाय. हिकडं लेकरं भिंतीला घासून जात्यात, छबू पुसट हुती, मी नीट करते. गावातल्या बाया येत्यात, माझी आई काढ म्हनत्यात, मी म्हनते बस, सांग, नाक कसं हुतं. काही लोकं हसत्यात, म्हातारीला येड लागलं म्हनत्यात. हसू द्या. त्यांचं बी देव भलं करो, उद्या आले तर त्यांच्या आया बी काढून दीन.