बर्फाच्या पेटीतला हार

तुम्ही मला शांत राहा म्हणता, पण किनवटकडचं ते शिबिर आठवलं की माझं डोकं अजून सणकतं.

आमच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब टाकून ती यंत्रात सरकवली, की हिवताप हाय का न्हाई ते कळतं. नांदेडच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं घातली त्यासाठी. फक्त पट्टीला ऊन चालत न्हाई. म्हणून पट्ट्या बर्फाच्या पेटीत नेल्या अन् संयोजकाला बजावलं, "भाऊ, पेटीला हात लावू नका."

उद्घाटनाचे साहेब लई उशिरा आले. मग शाल, हार, फोटो अन् भाषण, "आता एका थेंबात निदान!" समोर तांड्यावरून चालत आलेली बाई भर उन्हात चादर गुंडाळून कुडकुडत होती. तिचाच पहिला नंबर.

पेटी उघडली, तर आत उरलेला एक हार! पट्ट्या बाहेर पत्र्यावर भाजत पडलेल्या.

"हे कोणी केलं?"

संयोजक म्हणाला, "म्याच. हार सुकले असते की मॅडम. साहेबाला काय सुकलेला घालायचा?"

"अन् या बाईचं रक्त कशावर तपासू?"

"एवढं काय चिडता? तिला तालुक्याला पाठवा."

हार उचलून त्याच्या तोंडावर फेकणार होते. तेवढ्यात त्या बाईनं माझा हात धरला. तिची थंडी जाऊन आता अंग भट्टीसारखं पेटलेलं.

"ताई," ती म्हणाली, "गार हाय का तो? जरा कपाळावर ठेवते."