आबांची तिपाई

आवं हसू नका, आमच्या सुनंदाचं लगीन तिपाईनंच जमवलं. तवा कराडजवळच्या आमच्या गावात दर रविवारी चिंचंखाली बाया-म्हातारं जमायची आणि ओल्या लाकडाच्या पळ्या, लाटणी, तिपाया करायची. तिपाईची बैठक ओली घ्यायची आणि पाय वाळकं, मग बैठक वाळून आवळती अन् पाय घट्ट धरती. आमचं मालक पडलं फौजेतलं सुभेदार, त्यांनी नेमकं उलटं केलं.

सुनंदा म्हणली, "आबा, पाय वाळून बारीक व्हत्याल, निघत्याल!"

"बापाला शिकवतीस व्हय गं?"

दोन महिन्यांनी तिला बघाय सांगलीचं पाव्हणं आलं. मालकांनी मुलाच्या बापाला लय कौतुकानं त्याच तिपाईवर बसवलं. त्यांनी बशी तोंडाला लावली आणि तिन्ही पाय तीन दिशंला गेलं! पाव्हणं भुईवर, चा धोतरावर. आणि ही सुनंदा खदाखदा हसत म्हणती कशी, "आबा, सांगितलं व्हतं न्हवं!"

मोडली सोयरीक, मी मनात म्हणलं.

पाव्हणं धोतर झटकत उठलं. "सुभेदार, पोरगी पसंत हाय. आंदणात मात्र तिपाई घालू नका!"