कागदावरचे दोन

(ताई गॅस-अलार्मचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. ते जिथे बसवलंय, त्या कारखान्यात तिचा धाकटा भाऊ सुपरवायझर. तिथे टाकीत गॅसने बेशुद्ध पडलेला वेल्डर दवाखान्यात आहे, आणि आळ पॅनेलवरच्या ऑपरेटरकाकांवर आलाय. आखाती देशातलं ताईचं घर, दुपार.)

भाऊ : पण पोलिसांना कागद तुमच्याच कंपनीने दिलाय ना? दोन वाजता कुणीतरी अलार्म बंद केला. दोनला पॅनेलवर ऑपरेटरकाका होते. विषय संपला.

ताई : तोच कागद खटकतोय मला. त्या दिवशी कारखान्यात वीज गेली होती. तूच म्हणालास, डबा उघडला आणि अंधार झाला.

भाऊ : हो, एकच्या सुमाराला. त्याचं काय?

ताई : हा कागद ज्या नोंदींतून काढला, त्या लॉगमध्ये ती वीज सकाळी दहाला गेलीय.

भाऊ : मग यंत्र बिघडलं असेल तुमचं.

ताई : बिघडलं नाही. सर्व्हर आपली वेळ लिहीतच नाही. सगळ्या जगासाठी एक वेळ ठरलेली असते, ती लिहितो. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, आपण इथे तीन तास. कागद काढताना ते तीन मिळवायचे असतात. कुणीतरी विसरलं.

भाऊ : सरळ सांग ना.

ताई : कागदावरचे दोन म्हणजे आपले पाच.

भाऊ : काका कधीकधी उशिरापर्यंत रेंगाळतात.

ताई : त्या दिवशी चारलाच निघाले. पाचला नातीला घेऊन दवाखान्यात होते, काकू सांगत होत्या. पण पाचचं त्यांना कुणी विचारलंच नाही. चारनंतर रात्रपाळीवाला येईपर्यंत पॅनेलवर कोण असतं?

भाऊ : तुला माहितेय कोण असतं.

ताई : वेल्डर टाकीत कोसळला सव्वापाचला. म्हणजे अलार्म वाजला, तेव्हा तो आतच होता.

भाऊ : तो अलार्म रोज उगाच बोंबलतो, ताई. कान किटतात. मला वाटलं, नेहमीचंच.

ताई : त्याला आत कुणी पाठवलं?

भाऊ : काम उद्यावर ढकललं असतं, तर साहेबांनी मला सोलून काढलं असतं.

ताई : म्हणजे तू.

भाऊ : हे आणखी कुणाला सांगितलंस?

ताई : अजून नाही.

भाऊ : मग राहू दे. काका निवृत्तीला आलेत, त्यांचं वय बघून सोडतील. माझी पोरगी आत्ता कुठे बोलायला लागलीय.

ताई : तुझा फोन वाजतोय.

भाऊ : हॅलो. हो, बोला… कधी?… घरच्यांना कळवलं का?… बरं.

ताई : काय झालं?

भाऊ : वेल्डर गेला.

ताई : अरे देवा.

भाऊ : लॅपटॉप मिट, ताई.

ताई : आता काकांवरचं कलम बदलेल.

भाऊ : बदलू दे.

ताई : माझ्याकडे बघून म्हण.

भाऊ : (फोन खिशात ठेवतो.)

ताई : मी पोलिसांकडे निघालेय. तू स्वतःहून सांगणार असशील, तर बरोबर चल.

भाऊ : आणि नाही आलो तर?

ताई : तर एकटी जाईन.

भाऊ : आधी बायकोला फोन करू? घरी?

ताई : गाडीत बसून कर. मी बाहेर थांबते.