टोबार आत आला

मामा : ...आणि मी चौघांसमोर छातीठोक सांगितलं, टोबार जिवंत आहे म्हणून.

अपूर्वा : कुणाकुणासमोर?

मामा : शिवदास, राजेश, तो मिलिंग मशीनवरचा नवीन पोरगा आणि गेटवरचा वॉचमन. काल मरोळला, चहाच्या सुट्टीत. दीड वर्षानं गेलो होतो गो मी कारखान्यात. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच. शिवदास म्हणाला, जयवंता, भाचीबरोबर कंदील पिक्चरचा दहावा भाग बघितलास म्हणे. शेवटी टोबारला मारायला नको होतं रे.

अपूर्वा : शिवदासकाका कधीपासून आपला पिक्चर बघायला लागले?

मामा : त्याच्या पोरानं, सर्वेशनं नेलं त्याला. विषय बदलू नको.

अपूर्वा : नाही बदलत.

मामा : मी म्हटलं, शिवदास, तू झोपला असशील. टोबार आत येतो. दार उघडतं, आत ओढून घेतात त्याला, गळ्याला पट्टी बांधतात. माझी अपू शेजारी बसून कानात सगळं सांगत होती. तर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिवदास म्हणाला, "हो का, मग झोपलोच असेन मी." आणि माझ्या हातात बिस्किट ठेवलं.

अपूर्वा : मामा, सॉरी.

मामा : सॉरी नंतर. का केलंस ते सांग.

अपूर्वा : कारण तो शेवट फालतू होता. लिटरली फालतू. तूच विचार कर ना, सत्तावीस वर्षं, दहा भाग, एक माणूस अंतराळातल्या अख्ख्या ताफ्याचे दिवे पेटते ठेवतो. पहिल्या भागात चमच्यानं इंजिन उघडतो. चौथ्यात त्याला दोन सीन दिले, दोन. पाचव्यात तर तो नाहीच, का, तर म्हणे तो दुसऱ्या ग्रहावर गेलाय. मग ती टीव्हीवरची मालिका, तिच्यात त्याचं लहानपण. कोणी मागितलं होतं त्याचं लहानपण? आणि आता दहाव्यात लोकांना रडवायला कोणीतरी पाहिजे, तर मारा टोबारला. कॅप्टन इमाराला मारायची हिंमत नाही यांची, तिच्या बाहुल्या खपतात ना.

मामा : झालं?

अपूर्वा : नाही झालं. माझा शेवट त्यांच्यापेक्षा चांगला होता. पट्टीची आयडिया मला तिथल्या तिथे सुचली, कारण पुढची वीस मिनिटं तो बोलणार नव्हता. तू विचारलंस ना, टोबार गप्प का? मी म्हटलं, गळ्याला लागलंय. एका सेकंदात. शाळेत स्टेजवर बोलल्यापासून मला कुठेही काहीही सुचतं यार.

मामा : तिकीट मी त्यांच्या पिक्चरचं काढलं होतं. तुझ्या पिक्चरचं नाही. आपला नियम काय आहे?

अपूर्वा : माप आत, मत बाहेर.

मामा : म्हणजे?

अपूर्वा : थिएटरमध्ये जे दिसतं तेवढंच सांगायचं. कोण कुठे उभा आहे, कोणत्या हातात काय आहे. कानाला जे कळतं ते सांगायचं नाही. आणि मला काय वाटलं ते बसस्टॉपवर आल्यावर.

मामा : बसस्टॉपवर तू एवढं बडबडतेस की आपल्या दोन-दोन बस जातात. मी कधी अडवलं?

अपूर्वा : नाही.

मामा : त्या दिवशी बसस्टॉपवर तू गप्प होतीस. म्हटलं, पोर दमली असेल. सातव्या भागात तो राखेचा राजा परत आणला होता त्यांनी. सहाव्यात जळून मेलेला माणूस. तेव्हा काय म्हणाली होतीस तू?

अपूर्वा : तेव्हा मी लहान होते.

मामा : स्टेजवर परत तेच बोललीस तेव्हा लहान नव्हतीस. मागच्याच महिन्यात.

अपूर्वा : म्हणाले होते की मेलेल्याला परत आणलं की आधी जे रडले ते मूर्ख ठरतात.

मामा : टाळ्या पडल्या होत्या ना?

अपूर्वा : खूप.

मामा : मला आता नवव्या भागाचीही शंका यायला लागलीये. तो पण तूच सांगितलास, इथे याच खाटेवर बसून. ती बर्फाची भिंत, तिच्यात गोठलेली जहाजं. होती ती?

अपूर्वा : होती. नववा शब्द न शब्द खरा आहे, मामा. आईशप्पथ.

मामा : कशावरून?

अपूर्वा : मी सांगतेय ना.

मामा : तेच तर. लेथवर माप घ्यायचं गेज खोटं निघालं की आम्ही त्या दिवसाचा सगळा माल परत तपासायचो. एक पीस चुकला म्हणून एकच फेकून भागत नाही गो. ज्यानं मापलं तेच खोटं होतं ना. मला आता दुसरं गेज नाही, अपू. पेपर तू वाचतेस, मोबाइल तू वाचतेस, दुधाच्या पिशवीवरची तारीख पण तूच.

अपूर्वा : एवढं मोठं नको ना करूस. एक सीन होता. आणि शुक्रवारनंतर मला नाही जमलं.

मामा : शुक्रवारनंतर म्हणजे?

अपूर्वा : काही नाही.

मामा : पिक्चर रविवारी बघितला. शुक्रवारी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो.

अपूर्वा : मामा, मामी कधी येणार बाजारातून? चहा टाकू का?

मामा : बस खाली. आधी टोबार. खरा सांग. माप दे.

अपूर्वा : आत्ता?

मामा : त्या जागी आवाजच नव्हता पिक्चरला. सहा मिनिटं नुसती शांतता. मी तुझा हात धरून बसलो होतो. कोणीतरी मागे नाक ओढत होतं. मी विचारलं, कोण रडतंय? तू म्हणालीस, लोक खूश झालेत. सांग आता.

अपूर्वा : तो जहाजाच्या बाहेर आहे. पाठीवर म्हणजे, जहाजाच्या पाठीवर. कमरेची दोरी तुटलीये. दार त्याच्यापासून सहा पावलांवर आहे.

मामा : उघडं?

अपूर्वा : उघडं. आतमध्ये पिवळा उजेड. इमारा दारात उभी आहे, हात पुढे करून.

मामा : मग तो जात का नाही?

अपूर्वा : त्याच्या हातात शेवटचा कंदील आहे. त्याचा खांब मोडलाय. त्यानं सोडला तर कंदील वाहून जाणार आणि मागच्या जहाजांना वाट दिसणार नाही. तो दोन्ही हातांनी धरून बसलाय. गुडघ्यावर.

मामा : कुठल्या गुडघ्यावर?

अपूर्वा : डाव्या. उजवा पाय पत्र्याच्या कडेत अडकवलाय, वाहून जाऊ नये म्हणून. मग इमाराला तो मान हलवून नाही म्हणतो. एकदाच. ती दार बंद करते. त्यानंतर तो तिच्याकडे बघतच नाही. कंदिलाचा एक स्क्रू ढिला असतो, तो घट्ट करतो.

मामा : किती?

अपूर्वा : पाव आटा. मग थांबतो. मग अजून थोडासा.

मामा : बरोबर. एकदम आवळला तर आटा जातो.

अपूर्वा : त्याच्या हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ येतेय. येते, जाते. येते, जाते. मग एकदा येते आणि जात नाही.

मामा : हां.

अपूर्वा : कंदील चालू असतो. हात तसेच असतात. मग कॅमेरा लांब जातो आणि मागची जहाजं एकामागून एक जवळून जातात. एकोणीस.

मामा : मोजलीस?

अपूर्वा : मोजली. तोंडानं तुला सांगत होते, दार उघडलं, टोबार आत आला, त्याला पाणी देतायत. आणि डोळ्यांनी जहाजं मोजत होते. रडायला येऊ नये म्हणून.

मामा : फालतू नाही गो हा शेवट.

अपूर्वा : आहे. त्याला का मारायचं पण? दुसऱ्या कुणाला बसवा ना बाहेर. सगळे नुसते खुर्चीवर बसून बटणं दाबतात.

मामा : म्हणूनच. अख्ख्या आकाशात एकाच माणसाचे हात काळे होते. पहिला भाग बघितला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. तुझी आई बरोबर होती, तिला झोप लागली. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्या मरोळचा माणूस, वर कसा गेला? बरो मेलो. काम हातात धरून मेलो. तू मला हे बघू दिलं नाहीस.

अपूर्वा : मला नाही वाटलं तू असं म्हणशील.

मामा : तुला काय वाटलं?

अपूर्वा : वाटलं, तू तुटशील.

मामा : आता कपाट उघड. वरच्या खणात माझी फाइल आहे, डॉक्टरची.

अपूर्वा : ती का? तो रिपोर्ट वाचला ना मी तुला, शुक्रवारीच.

मामा : वाचलास. पडद्याला सूज आहे, औषधानं उतरेल, सहा महिन्यांनी या, मग बघू. काल मी कारखान्यात माझ्या लेथवर हात ठेवला. कोणीतरी हँडलला नवीन मूठ बसवलीये, चांगली बसवलीये. मी त्या पोराला म्हटलं, जपून वापर, सहा महिन्यांनी मी येतोय. शिवदास म्हणाला, "हो का." टोबारला म्हणाला ना, अगदी तसंच.

अपूर्वा : मामा...

मामा : रात्रभर ते "हो का" ऐकत होतो. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब घालून मला बाहेर बाकावर बसवलं आणि तुझ्या मामीला आत बोलावलं. ती बाहेर आली तर माझ्याशी भाजीबद्दल बोलायला लागली. तिनं सांगितलं तुला, असं वाच म्हणून?

अपूर्वा : नाही. मीच.

मामा : अपू, माका परत खोटा सांगू नको.

अपूर्वा : मामीनं माझा हात दाबला. एवढंच. मी कागद वाचायला घेतला आणि तिनं मागून येऊन हात दाबला. वाक्यं सगळी माझी होती.

मामा : चांगली होती. मी विश्वास ठेवला.

अपूर्वा : मामी आल्यावर वाचूया का?

मामा : ती आली की ती रडेल आणि तू तिला बघून रडशील. मग मला काहीच ऐकू येणार नाही. काढ फाइल.

(कपाटाचं दार उघडतं. प्लास्टिकच्या फाइलमधून कागद निघाल्याचा आवाज.)

अपूर्वा : इंग्लिशमध्ये आहे. मी मराठीत सांगते.

मामा : सांग. सावकाश.

अपूर्वा : नाव, जयवंत. वय, एक्कावन्न. मधुमेह, वीस वर्षं.

मामा : ते माहीत आहे.

अपूर्वा : उजवा डोळा. उजेड आणि अंधार कळतो. बाकी काही नाही. डावा डोळा. उजेडही नाही.

मामा : पुढे.

अपूर्वा : दोन्ही पडदे... थांब ना जरा.

मामा : थांबलो.

अपूर्वा : दोन्ही पडदे कायमचे निकामी. औषधानं किंवा ऑपरेशननं दृष्टी परत येण्याची अपेक्षा नाही.

मामा : "अपेक्षा नाही" असंच लिहिलंय? की "शक्यता कमी"?

अपूर्वा : अपेक्षा नाही.

मामा : सूज?

अपूर्वा : सूज कुठेच नाही. ती मी घातली.

मामा : सहा महिने?

अपूर्वा : ते पण मीच. तू विचारलंस, परत कधी बोलावलंय? मला काहीतरी बोलायचं होतं पटकन. मग सहा महिने आले तोंडात. का आले माहीत नाही. मला वाटलं, सहा महिन्यांत मी काहीतरी दुसरं शोधेन.

मामा : अजून काय आहे?

अपूर्वा : काठी घेऊन चालायला शिकवतात, त्या केंद्राचं नाव आहे. पत्ता अंधेरीचा. रविवार बंद. मामा, तू काहीतरी बोल ना. ओरड हवं तर.

मामा : मतं नंतर. पुढे वाच.

अपूर्वा : पुढे काही नाही. खाली डॉक्टरांची सही आहे.

मामा : कुठल्या शाईत?

अपूर्वा : निळ्या.

मामा : फिकट की गडद?

अपूर्वा : गडद. शेवटचं अक्षर ओढलंय ना, तिथे थोडी फिकट झालीये.