मोजण्यात चूक

दिनांक १०/०२/२०२५, सकाळी ११.१५

मी, सौ. शालन महेंद्र ओव्हाळ, वय ४६ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण बी.एस्सी., बी.एड., धंदा नोकरी (माध्यमिक शिक्षिका), राहणार कळवा, जिल्हा ठाणे. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती व मुलगा यांच्यासह राहते. कळवा येथील एका खाजगी अनुदानित शाळेत मी बावीस वर्षांपासून इयत्ता आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शाळेची वेळ सकाळी ७.०० ते १२.३० अशी आहे. मयत विद्यार्थिनी दर्शना राकेश तायडे, वय १३ वर्षे, राहणार दिवा पूर्व, ही जून २०२४ पासून आमच्या शाळेत इयत्ता आठवीत शिकत होती. तिचे वडील राकेश हे भिवंडी येथील गोडाऊनमध्ये कामाला आहेत व आई वैशाली नौपाड्यात दोन घरी स्वयंपाकाचे काम करते. दर्शनाच्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीत मला बोलावले आहे.

मी दर्शनाला कसे ओळखत होते असे विचारल्यावरून सांगते की, जूनमध्ये वर्गाची यादी हातात आली तेव्हा मी आडनाव वाचले आणि मुलगी आपल्या समाजाची आहे हे मला समजले. मी दरवर्षी यादी अशीच वाचते. पहिल्या घटक चाचणीत तिला २५ पैकी २३ गुण होते. त्या दिवसापासून मी तिला पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाला लागून बसवले. शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबवून मी तिचा शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास घेत असे. परीक्षा काल, दि. ०९/०२/२०२५ रोजी होती. इतर मुलांना मी थांबवत नव्हते. मी तिला सांगितले होते, "आपल्याला कुणी सवलत देत नाही आणि आपण मागायची पण नाही. दुसरा एक तास करतो तर आपण दोन करायचे." ती "हो मॅडम" म्हणायची. ती कमी बोलायची.

डिसेंबरच्या शेवटी दर्शना बारीक झाल्याचे माझ्या पाहण्यात आले. ती तासाला दोन-दोन वेळा पाणी प्यायला जाऊ लागली, शेजारच्या मुलींच्या बाटल्याही रिकाम्या करायची. लघवीलाही वारंवार जायची. मी स्वतः सन २००६ ते २०१४ दिव्यात राहिलेली आहे. तिथे पाण्याचे हाल काय असतात ते मला माहीत आहे. माझा मुलगा लहान असताना शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून आणलेले आहे. त्यामुळे घरी पाणी मिळत नसेल म्हणून पोरगी शाळेत पोटभर पिऊन घेते, असे मी धरून चालले. बारीक झाली ती खाण्याच्या आबाळीने आणि दमते ती हंडे भरून, असेही मीच ठरवले. मी तिला यातले काही विचारले नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. तिला अशक्तपणा वाटतो म्हणून मी ग्लुकोज पावडरचा डबा प्रयोगशाळेतल्या कपाटात आणून ठेवला व रोज साडेबारा वाजता एक ग्लास पाण्यात दोन मोठे चमचे घालून तिला माझ्या हाताने देत असे. हे सुमारे एक महिना चालू होते.

जप्त केलेल्या वहीबाबत विचारल्यावरून सांगते की, ती निरीक्षण वही आहे. मी सर्व मुलांना ती ठेवायला लावते. पहिल्या पानावर मी एकच नियम लिहून देते, 'जे दिसते ते लिहा, जे वाटते ते लिहू नका.' जानेवारीत मी मुलांना घरात प्रत्येक माणसाला प्यायला किती पाणी लागते ते मोजायला सांगितले होते. दि. १६/०१/२०२५ च्या पानावर दर्शनाने लिहिले आहे, "आई अडीच लिटर, पप्पा तीन लिटर, मी नऊ लिटर." त्याखाली लाल शाईत 'मोजण्यात चूक. पुन्हा मोज.' असा जो शेरा आहे तो माझ्या हस्ताक्षरातील आहे. पुढच्या पानावर तिने लिहिले आहे, "परत मोजले. साडेनऊ लिटर. आईने पण मोजले." त्या पानावर माझी सही नाही. ते पान मी परवा, दि. ०८/०२/२०२५ रोजी, वही पोलिसांच्या ताब्यात देताना पहिल्यांदा वाचले.

दि. २२/०१/२०२५ रोजी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये झालेल्या प्रकाराबाबत सांगते की, सौ. ऐश्वर्या प्रीतम सामंत, वय अंदाजे ३१, राहणार नौपाडा, या दर्शनाच्या वर्गशिक्षिका आहेत. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही त्या दर्शनाला जवळ बसवता ना? तिच्या तोंडाला वास येतो हो. सडक्या फळासारखा, थोडा दारूसारखा. तिच्या घरी कोणी गाळतं वगैरे का? त्या वस्तीत असतं ना."

मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, "वास कुणाला येतो आणि कुणाचा येतो ते मला शिकवू नका. चार लोकांत बोललात, चार लोकांत माफी मागा." त्या म्हणाल्या, "अहो, मी तशा अर्थाने नाही म्हटलं." मी मुख्याध्यापक श्री. धनेश म्हात्रे यांना बोलावून घेतले व लेखी तक्रार करीन असे सांगितले. सामंत मॅडमनी सर्वांसमोर माझी माफी मागितली. त्या रडत होत्या. विषय तिथेच संपला.

मी सन १९८८ मध्ये कल्याणला चौथीत असताना आमच्या बाईंनी मला पहिल्या बाकावरून उठवून "तू खिडकीपाशी बस गं, वारा लागेल" असे सांगितले होते. त्या दिवशी आईने मला नवीन साबणाची वडी फोडून आंघोळ घातली होती. हा मजकूर घटनेशी संबंधित नाही असे जबाब घेणाऱ्या हवालदार मॅडमनी सांगितले. तो लिहून घ्यावा अशी मी विनंती केल्यावरून लिहिला आहे.

तुम्हाला स्वतःला वास आला होता काय असे विचारल्यावरून सांगते की, नाही. दर्शना रोज पाऊण तास माझ्यापासून दीड-दोन फुटांवर बसत होती. त्या काळात मला सर्दी वगैरे काहीही नव्हते.

दि. ०४/०२/२०२५ रोजी दर्शनाला शाळेत दोनदा उलटी झाली. परीक्षेची धास्ती घेतली असेल असे मला वाटले. मी घरी फोन केला नाही.

दि. ०६/०२/२०२५ रोजी सकाळी ७.०० वाजता ती वर्गात आली तेव्हा तिला धाप लागली होती. दुसऱ्या तासाला, सुमारे ८.१० वाजता, ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, पोटात खूप दुखतंय. मी घरी जाऊ?" मी म्हणाले, "रविवारी पेपर आहे दर्शना. आता तीन दिवस काढ. सोमवारी काय आजारी पडायचं ते पड." ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने मला काही विचारले नाही.

१०.५० वाजता प्रयोगशाळेत रांगेत उभी असताना ती खाली बसली व आडवी झाली. हाक मारल्यावर डोळे उघडत होती, पण ओळख देत नव्हती. मी व शाळेचे शिपाई भगवान यांनी तिला उचलून रिक्षाने ठाण्यातील रुग्णालयात नेले. ११.२५ वाजता पोचलो. तेथील डॉक्टरांनी तिला तपासायला घेतले तेव्हा ते तिच्या तोंडाजवळ वाकले, एकदा श्वास घेतला आणि लगेच सिस्टरना म्हणाले, "शुगर बघा आधी." मशीनवर आकडा येत नव्हता, इतकी साखर होती. डॉक्टरांनी मला विचारले, "पाणी खूप प्यायची का? बारीक झाली होती का? किती दिवस?" मी दोन्ही प्रश्नांना होकार दिला व दिवसही सांगितले. सर्व दिवस मला पाठ होते. ते म्हणाले, "लहान मुलांचा मधुमेह आहे. श्वासाला येतो तो वास त्याचाच. पंधरा दिवस आधी आणली असती तर इंजेक्शनवर घरी गेली असती." मी त्यांना ग्लुकोज पावडरचे सांगितले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले.

तिची आई १२.४० वाजता आली. तिच्या हाताला कणीक होती. ती मला म्हणाली, "मॅडम, मी तिला पाण्यावरून ओरडायची हो. एवढं पाणी कुठून आणू म्हणायची. आज ती नाही जात म्हणत होती शाळेत. मीच म्हटलं, मॅडम तुझ्यासाठी एवढ्या थांबतात, त्यांना काय वाटेल." दर्शना त्यानंतर शुद्धीवर आली नाही. दि. ०७/०२/२०२५ रोजी दुपारी ४.१० वाजता ती मयत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

दि. ०८/०२/२०२५ रोजी सायंकाळी सामंत मॅडम माझ्या घरी आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला तो वास नंतर पण यायचा मॅडम. वाढला होता. पण माफी मागितल्यापासून मी तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं. म्हटलं, परत काही बोलले तर नोकरी जाईल." मी त्यांना पाणी विचारले नाही.

काल दि. ०९/०२/२०२५ रोजी दर्शनाचे वडील राकेश व त्यांच्या वस्तीतील कार्यकर्ते दिपेश असे दोघे माझ्याकडे आले. दिपेश म्हणाले, "मॅडम, त्या बाईंनी पोरीला वास येतो म्हटलं ना? तेवढंच सांगा. बाकी आम्ही बघतो. पोरीला वर्गात वाईट वागवलं म्हणून गेली." राकेश म्हणाले, "तुमच्याविरुद्ध आमचं काही नाही. शाळेत आपलं माणूस म्हणजे तुम्ही एकच होता. आपल्या माणसाविरुद्ध काय लिहून द्यायचं." मी त्यांना सांगितले की, सामंत मॅडम दारू गाळण्याबद्दल व वस्तीबद्दल जे बोलल्या ते मला जातीवरून वाटले, आजही वाटते, आणि ते मी जबाबात सांगेन. परंतु वास खरा होता. शाळेत तो फक्त त्यांनाच आला आणि तो विषय मी बंद केला, हेही सांगेन. पोरीला घरी जाऊ दिले नाही ते मी, त्यांनी नाही.

राकेश म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण त्यांच्याच बाजूच्या." मी म्हणाले, "मी कुणाच्या बाजूची नाही." ते म्हणाले, "असं नसतं मॅडम." ते चप्पल घालून निघून गेले. अंत्यविधीला मी गेले होते, परंतु उद्याच्या पुण्यानुमोदनाच्या स्मरणविधीला येऊ नये असा निरोप आज सकाळी मला मिळालेला आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्याविरुद्ध कोणाची आहे काय हे मला माहीत नाही. नसल्यास ती का नाही, याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

हा जबाब संगणकावर टाईप झाल्यावर हवालदार मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात आजाराबाबत 'माझ्या लक्षात येण्यासारखे काही नव्हते' असे एक वाक्य आले होते. हवालदार मॅडम म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, तुमच्याच सोयीचं आहे." ते वाक्य मी सांगितलेले नाही. ते माझ्या सांगण्यावरून काढून टाकले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

जबाब देणार,
(सही) शालन म. ओव्हाळ