रुळाला पाजलेलं पाणी

सन्माननीय अध्यक्ष हिंमतरावजी, रेल्वेच्या विभागीय कचेरीतून तसदी घेऊन आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर आणि नांदुरा स्टेशनातील माझ्या बंधुभगिनींनो,

आज निवृत्तीच्या दिवशी आपण शाल दिलीत, नारळ दिलात. आधीच्या वक्त्यांनी तर मला ‘पोलादी माणूस’ म्हटलं. तीस वर्षं रुळांचा इन्स्पेक्टर होतो, पोलाद थोडंफार कळतं मला. पण हा माणूस कोणत्या पोलादाचा, हे कुणी विचारलं का?

तीन वर्षांपूर्वी पुलाजवळ दोन रूळ वितळत्या लोखंडानं जोडले. जोड रहेमतुल्ला मिस्त्रींचा, म्हणजे बघायलाच नको. पण तो अजून लाल होता आणि मेलची वेळ होत आली. गाडी माझ्यापायी अडकली तर वरच्या साहेबांना काय तोंड दाखवू, या धास्तीनं मी म्हणालो, टाका पाणी. मिस्त्री म्हणाले, “साहेब, पाणी इळ्याले पाजतेत, रुळाले नाही. त्याले आपल्या आपण निवू द्या.”

त्यांनी बादलीला हात लावला नाही. मीच ओतली. आम्ही शिकलेले ना!

पोलादाला आत दाणा असतो, सज्जनहो. सावकाश निवलं तर दाणा नीट बसतो, रूळ चिवट राहतो. एकदम गार केलं की वरून कडक आणि आतून काचेसारखा ठिसूळ. थंडी पडली आणि जोड तडकला. रूळ तपासत फिरणाऱ्या शेषरावांनी वेळीच लाल झेंडी धरली, म्हणून गाडी वाचली.

चौकशीत मिस्त्रींनी बादलीचं सांगितलं. मला विचारलं, तर मी म्हणालो, कसली बादली? साहेबापुढं मिस्त्रीचं खरं कोण धरतो? ‘मिस्त्रीची हयगय’ असा शेरा पडला, त्यांची नोकरी गेली. आज ते धामणगाव बढ्याला विळ्यांना पाणी पाजतात. मला या शालीची लाज वाटते.

खरी हकीकत सहीनिशी लिहून आज सकाळीच पाहुण्यांच्या हाती दिली आहे. तो शेरा माझ्या नावावर चढावा.

या सोहळ्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात चुकलंमाकलं असेल ते पोटात घाला. बादलीची माफी मात्र आपल्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, ते माझ्या निरोपावरून आले आहेत, दाराशी उभे आहेत. अध्यक्ष त्यांना वर बोलावताहेत.

नको, हिंमतरावजी. मीच खाली जातो.