एक गुडघा, पाच जखमा

मी जसोंडीचा नामदेव, पण गावात सगळे फौजीच म्हणतात. जन्मलो तेव्हा तापीले असा पूर होता की केळीच्या घडात मासे सापडले, असं माझी माय सांगे, मी त्याच्यात एक मगरही घालतो. शेजारच्या संस्थानाच्या पलटणीत खेचरं हाकायच्या कामाले लागलो, लढाई पेटली तसा ब्रह्मदेशात गेलो. काय सांगू तुम्हाले, तिथला चिखल हत्ती गिळून ढेकर देई.

तिथंच हा उजवा गुडघा गेला. कसा गेला ते घरी आल्यावर पारावर बसून सांगितलं, म्हणजे ज्याले जसं आवडेल तसं सांगितलं. शिंप्याले सांगितलं, वाघानं धरला. सोनू पाटलाले सांगितलं, पूल उडाला अन् त्याच्यासंगं मीही उडालो. कापूस वेचणाऱ्या बायांले सांगितलं, जपानी गोळी लागली, ती काढून मी परत त्यालेच मारली. लोक चहा पाजत, मी बोलत जाई.

मग संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, दवाखान्याचं रजिस्टर कोणत्या पेटीत कुठं गेलं कोणाले ठाऊक. माझ्याजवळ एक कागद, त्यावर इतकंच की नोकरीतून कमी केला. पेन्शनीची दरखास्त लावली तर वरून सवाल आला, गुडघा नोकरीतच मोडला याचा पुरावा काय, तो शेतातही मोडतो.

आता खरं सांगतो. खेचरानं लाथ मारली. दारूगोळा लादत होतो, मागून एकच लाथ बसली. हे गावात सांगायची लाज वाटली. पाहणारा एकटा रामधन, माझ्याच तुकडीतला, आता चांदनी स्टेशनावर कामाले आहे. त्याले शोधून आणलं, त्यानं तहसिलीत खरं बयान दिलं. मी खूश. पण चौकशीचा बाबू मले न विचारता सरळ आमच्या पारावर येऊन बसला अन् सारं गाव माझ्यासाठी धावलं. वाघ निघाला, पूल निघाला, गोळी निघाली, एकानं तर पाणबुडी सांगितली, ती मी कधी सांगितली ते मलेही आठवत नाही. बाबू म्हणे, फौजीदादा, गुडघा एक अन् जखमा पाच, कोणती लिहू?

शेवटी म्हणे, या चौघांनी लिहून द्यावं की आम्ही पाहिलं नाही, याच्याच तोंडून ऐकलं, मग लाथ धरू. तेव्हापासून पायाले थारा नाही. दारोदार लंगडत गेलो, खोटं बोललो म्हणून कबूल केलं. शिंपी चार दिवस रुसला, पण सही दिली. गोळीवाल्या बाईनं हसत अंगठा दिला. पाणबुडीवालाही वळला. अडला तो सोनू, माझा लहानपणचा दोस्त. त्यानं बाबूले ठासून सांगितलेलं, पूल उडताना मी डोळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, अरे बाबा, तू शाहपुराच्या पुढं कधी गेला रे? तो म्हणे, तू सांगत होता तेव्हा मले धूर दिसला, आता पाटील खोटी साक्ष देतो असं लिहून देऊ का?

परवा बाबू फाइल बंद करणार. मी सकाळ-संध्याकाळ सोनूच्या केळीत येरझारा घालतो, तो पाण्याची दारं धरता धरता म्हणतो, तो पूल पुन्हा एकदा सांग. मी म्हणतो, पूल नव्हताच. तो म्हणतो, घाबरू नको फौजी, मी आहे ना. देव त्याले शंभर वर्षं देवो, माझी बाजू सोडायले तो तयारच नाही.